डोक्याची मालिश : आराम आणि त्याच्या मर्यादा
मीरा रोड व भाईंदरहून लोकलने रोज चर्चगेटपर्यंत ये-जा करणाऱ्या नोकरदारांना केशकर्तनालयातील चंपी परिचित असली, तरी तिच्यामागचा विचार बराच जुना आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त मूर्धतैलाचे, म्हणजे डोक्यावर तेल योजण्याचे, अभ्यंग, सेक (तेलाची धार), पिचू (तेलात भिजवलेला कापसाचा बोळा) आणि बस्ती (डोक्याभोवती पट्टा बांधून आत तेल धरून ठेवणे) असे चार प्रकार सांगून ते उत्तरोत्तर अधिक गुणकारी मानले आहेत. चंपीचे नाते यांतील पहिल्याशी. कानशिलांवरचे व मानेच्या वरच्या भागातले आखडलेले स्नायू बोटांच्या मध्यम दाबाने सैलावतात, आणि परानुकंपी तंत्रिका तंत्र, म्हणजे विश्रांतीच्या वेळी हृदयाची गती मंदावणारी मज्जाव्यवस्था, अधिक क्रियाशील होऊन श्वासही संथ होतो. हा आराम खरा, पण बहुधा तात्पुरता. अर्धशिशी त्याने कायमची बरी होते, हा दावा पुराव्यापलीकडचा आहे. मालिश संपताना मान झटक्याने वळवून ‘कट्’ असा आवाज काढण्याची काही कारागिरांची हौस मात्र टाळलेलीच बरी, कारण मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी रोहिणी त्या झटक्याने, क्वचित का होईना, आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो.