उजेडात वाढणारी रोपे
टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपे घरात तयार करताना खरी अडचण उजेडाची असते. बी रुजायला ऊब आणि ओल पुरते. कोंब वर येताच मात्र भरपूर प्रकाश लागतो. तो कमी पडला की रोप उंच, बारीक आणि फिकट होते. खिडकीतला उजेड अपुरा असेल, तर रोपांच्या वर वीतभर अंतरावर एलईडी दिवा रोज 14 ते 16 तास लावावा. रोपे ज्यात वाढतात ते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत चिंब ठेवणे घातक. बुरशीने खोड बुडाशी कुजते आणि रोप कोलमडते. असे रोप पुन्हा सावरत नाही, म्हणून वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. चार-पाच पाने आली की आठवडाभर उन्हावाऱ्याची सवय करून रोपे कुंडीत लावावीत. टोमॅटोचे रोप जरा खोल पुरावे. मातीतल्या खोडालाही मुळे फुटतात.