हिशेबात न धरलेली माणसे

दिवाळीच्या सुट्टीत शाळेने मुलांना गृहपाठ द्यावा आणि तो आजोबांच्या गळ्यात पडावा, हा आता घरोघरचा रिवाज झाला आहे. आमचे घर त्याला अपवाद नाही. वसुबारसेच्या संध्याकाळी माझा नातू वही घेऊन माझ्या आरामखुर्चीपाशी येऊन बसला. स्वारी नववीत आहे. सुट्टी संपली की शाळेत वादविवाद स्पर्धा आहे. विषय, ‘हिरोशिमावर अणुबाँब टाकणे समर्थनीय होते.’ चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्याच्या वाट्याला अनुकूल बाजू आली.

“आजोबा, तुम्ही तीस वर्षं इतिहास शिकवलात. पाच मुद्दे सांगा. खणखणीत हवेत हं!”

मुद्दे माझ्या तोंडपाठ होते. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांना येत असे आणि मीही मुलांना दोनच ओळी लिहून देत असे : ‘अणुबाँबमुळे जपान शरण आला. युद्ध लवकर संपून लाखो प्राण वाचले.’ दोन ओळी, दोन गुण. पण त्या संध्याकाळी त्या ओळी सांगताना माझी जीभ अडखळली. का अडखळली, हे सांगायचे तर आमच्या आबांची गोष्ट सांगितली पाहिजे.

आबा म्हणजे माझे थोरले काका. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या पुरवठा खात्यात कारकून म्हणून भरती झाले. हातात बंदूक कमी आणि खतावणी जास्त, अशी त्यांची नोकरी. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी सैनिकांबरोबर आबाही जपान्यांचे कैदी झाले. पुढच्या वर्षी त्यांना जहाजात कोंबून न्यू गिनीच्या बाजूला, राबाउलकडे नेले. तिकडे नेलेल्यांपैकी किती जण भुकेने आणि तापाने गेले, हे आबा सहसा बोलत नसत. घरी सातारला आजीने तीन वर्षे त्यांचे पान वाढून बाजूला ठेवले. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण गेला आणि त्या हिवाळ्यात आबा घरी आले. आई सांगे, “दारात उभे राहिले तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. सहा महिने नुसत्या पेजेवर होते.”

मी त्यानंतर चार वर्षांनी जन्मलो. आमच्या घरात एक वाक्य मी जन्मापासून ऐकत आलो : “ॲटमबाँब पडला म्हणून आमचा आबा परत आला.” आजी हे देवापुढे दिवा लावताना म्हणत असे. तेव्हा वाचकहो, या खटल्यात मी तिऱ्हाईत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

अनुकूल बाजू

नातवाला मी फसवले नाही. अनुकूल बाजू भक्कम आहे आणि ती मी त्याला भक्कमपणेच मांडून दिली.

पहिला मुद्दा, जपानी लष्करशाहीचा. नानकिंगची कत्तल, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर मेलेले युद्धकैदी आणि आशियाई मजूर, ही काही कोणाच्या कल्पनेतली चित्रे नव्हेत. दुसरा, ओकिनावाचा. १९४५ च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत त्या एका बेटासाठी बारा हजारांवर अमेरिकन मेले आणि जपानी सैनिक व बेटावरचे रहिवासी मिळून दोन लाखांच्या आसपास माणसे मेली. मग खुद्द जपानच्या भूमीवर उतरायचे तर काय झाले असते? अमेरिकेचे त्या वेळचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी १९४७ साली लेख लिहून सांगितले, की एकट्या अमेरिकेचेच दहा लाखांवर सैनिक मेले किंवा जायबंदी झाले असते. तिसरा मुद्दा, साध्या बाँबचा. ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर टाकलेल्या आगलाव्या बाँबांनी पहाटेपर्यंत सुमारे एक लाख माणसे जाळली. तिथे अणु नव्हता. मग पाप केवळ अणूचेच कसे?

नातू भराभर लिहून घेत होता. “मस्त आहे, आजोबा! आता प्रतिकूलवाले काय बोलतील?”

प्रतिकूलवाले म्हणतील, की ज्यांनी अणुबाँब घडवला त्यांच्यातल्याच काहींनी तो शहरावर टाकू नका म्हणून विनवले होते. जेम्स फ्रँक यांच्या समितीने जून १९४५ मध्ये सुचवले, की आधी निर्जन जागी सर्व राष्ट्रांदेखत त्याचे प्रात्यक्षिक करा. लिओ झिलार्ड यांच्या जुलैमधल्या अर्जावर सत्तर जणांच्या सह्या होत्या. उलट ओपनहायमर ज्यात होते त्या शास्त्रज्ञमंडळाने सांगितले, की नुसत्या प्रात्यक्षिकाने युद्ध संपेल असे आम्हाला वाटत नाही. प्रतिकूलवाले असेही म्हणतील, की ८ ऑगस्टला रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले, तो धक्काही बाँबइतकाच मोठा होता. आणि बादशहाचे सिंहासन राखण्याचे वचन आधीच दिले असते तर जपान कदाचित लवकर नमला असता. अमेरिकेच्या अध्यक्षांचे लष्करी सल्लागार ॲडमिरल लेही यांनी १९५० साली आपल्या आठवणींत या अस्त्राचा वापर निषेधार्ह ठरवला.

‘असे झाले असते तर’चा हा वाद इतिहासकारांत आजही मिटलेला नाही, तो मिटण्यासारखा नाहीच. पण मला एक शंका येते. तो मिटेपर्यंत नीतीचा प्रश्न खोळंबून राहतो का?

यादीतून खोडलेले शहर

निवृत्त झाल्यावर मी या विषयावरची पुस्तके सवडीने वाचली. नोकरीत असताना दोन ओळींच्या पलीकडे जायला वेळ झाला नाही, ही सबब. खरे म्हणजे जिज्ञासाच झाली नाही. त्या वाचनात एक हकीगत आली आणि माझी झोप उडाली.

मे १९४५ मध्ये बाँब कुठे टाकायचा हे ठरवणारी समिती बसली. तिच्या यादीत क्योटो अग्रभागी होते. क्योटो म्हणजे जपानची हजार वर्षांची जुनी राजधानी, देवळांचे आणि विद्येचे शहर. आपल्याकडच्या काशीसारखे म्हणा. समितीने कारण नोंदवले, की तिथले लोक बुद्धिजीवी असल्याने या अस्त्राचे महत्त्व त्यांना अधिक चांगले समजेल! बाँबप्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी क्योटोचा आग्रह पुन्हा पुन्हा धरला. पण स्टिमसन अडून बसले. क्योटो त्यांनी स्वतः पाहिलेले होते. १९२६ साली ते तिथे जाऊन आले होते. ते शहर नष्ट केले तर जपानी लोक आपल्याला कधी क्षमा करणार नाहीत आणि उद्या रशियाकडे झुकतील, असा राजकारणाचा हिशेबही त्यांनी मांडला. अध्यक्ष ट्रूमन यांनी तो मानला. क्योटो खोडले गेले आणि जुलैच्या अखेरीस यादीत एका नव्या शहराचे नाव चढले : नागासाकी.

पुढचे ऐका. ९ ऑगस्टला दुसरा बाँब घेऊन निघालेले विमान नागासाकीकडे निघालेच नव्हते. त्याचे पहिले लक्ष्य कोकुरा होते. कोकुरावर ढग आणि धूर होता. वैमानिकांनी तीन घिरट्या घातल्या, खालचे दिसेना, तेव्हा विमान नागासाकीकडे वळले. अकरा वाजून दोन मिनिटांनी बाँब फुटला. वर्षअखेरपर्यंत तिथली सत्तर हजारांवर माणसे मेली.

क्योटो वाचले, कारण टेबलाशी बसलेल्या एका माणसाने ते शहर डोळ्यांनी पाहिले होते. कोकुरा वाचले ते ढगांमुळे. नागासाकी कोणी पाहिले नव्हते आणि तिथे ढगही पुरेसे नव्हते. यात न्याय कुठे बसतो, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

आणखी एक नोंद सांगतो. ३१ मे १९४५ च्या बैठकीत लक्ष्याचे वर्णन ठरले : मोठा युद्धोपयोगी कारखाना, आणि त्याला अगदी लगटून कामगारांची घरे. घरे चुकून मध्ये आली असे नव्हे. ती वर्णनातच होती. ९ ऑगस्टच्या रेडिओ भाषणात मात्र ट्रूमन यांनी हिरोशिमाला लष्करी तळ म्हटले आणि नागरिकांची हत्या शक्य तितकी टाळण्यासाठीच ते निवडले असे सांगितले. हिरोशिमात लष्कराचे ठाणे होते, हे खरे. पण सुमारे तीन लाख वस्तीच्या त्या शहराच्या मध्यावर, सहाशे मीटर उंचीवर, सकाळी सव्वाआठ वाजता बाँब फोडला, तेव्हा खाली कोण होते?

खाली शाळेची मुले होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे काढायचे काम चालू होते आणि त्या कामाला बारा-तेरा वर्षांची हजारो मुले-मुली जुंपली होती. त्यांतली सुमारे सहा हजार गेली. हिरोशिमाच्या संग्रहालयात त्यांच्यातल्या एका मुलाचा जेवणाचा डबा ठेवलेला आहे. आतला घास जसाच्या तसा आहे, फक्त त्याचा कोळसा झाला आहे. त्या डब्यावरून आईने मुलाला ओळखले.

वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे मेली. त्यांत सक्तीने आणलेले कोरियन होते, तिथे कैदेत असलेले बाराएक अमेरिकन सैनिकही होते. जे वाचले त्यांना पुढे कितीएक वर्षे रक्ताचे आणि इतर कर्करोग गाठत राहिले. त्या दिवशी जी बाळे आईच्या पोटात होती, त्यांतली काही लहान डोक्याची, मंदबुद्धीची जन्मली.

आबांचा प्रश्न

कॉलेजात असताना, १९६७ च्या सुमारास, मी निबंधस्पर्धेसाठी अणुबाँबावर लिहिले. शेवटी आबांचा उल्लेख मोठ्या जोरात केला होता. ‘लाखभर माणसे मेली, पण लाखो वाचली, माझे काका त्यांपैकी एक,’ असे काहीतरी. मोठ्या अभिमानाने तो निबंध आबांना वाचून दाखवला. ते तेव्हा एका गिरणीच्या भांडारात हिशेब पाहत. ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले,

“खोटं काही लिहिलं नाहीस. पण खतावणी अर्धीच मांडलीस. जमेच्या बाजूला माझं नाव आहे. खर्चाच्या बाजूला कोणाचं नाव आहे?”

“आबा, लिहिलंय की. लाख माणसं.”

“लाख हे नाव नव्हे रे. छावणीत रोज सकाळी आम्हाला रांगेत उभं करून मोजायचे. आकडा जुळला की झालं. कोण मेला, कोण उरला, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. माणसाचा आकडा झाला की त्याचं काहीही करता येतं. मी तीन वर्षं आकडा होतो, म्हणून सांगतो.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “मी परत आलो याचा मला आनंद आहे. पण मला आणण्यासाठी कोणाचं पोर जाळा, असं मी सांगितलं नव्हतं.”

आबा गेल्याला पुष्कळ वर्षे झाली. त्यांचे बोलणे मला तेव्हा कळले नाही. कळले असते तर मी तीस वर्षे त्या दोन ओळी लिहून दिल्या नसत्या. आणि १९९८ च्या मे महिन्यात पोखरणची बातमी आली, तेव्हा पेढे वाटण्यापूर्वी निदान घटकाभर थबकलो असतो.

आज मला जे वाटते ते सांगतो. लढाईच्या धुमाळीत निरपराध माणूस मरतो, ते दुर्दैव. पण त्याच्या मरणातून शत्रूच्या सरकारला निरोप पोचावा म्हणून त्याला निवडून मारणे, हे वेगळे. तिथे डबा घेऊन निघालेले पोर म्हणजे खलिता लिहायचा कागद होते. टोकियोच्या आगीलाही हाच नियम लागू आहे. आधीचे पाप पुढच्या पापाची सनद होत नाही. त्या खलित्यामुळे माझा काका घरी आला असेल. त्याबद्दल मी कृतज्ञ असू शकतो. पण जे झाले ते योग्य झाले असे मला म्हणता येत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. नागासाकीनंतर युद्धात अणुबाँब पडला नाही हे आपले भाग्य. पण जगात आज बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रे आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले, की त्यांचा वापर सामान्यतः युद्धाच्या मानवी कायद्याविरुद्ध आहे; मात्र राष्ट्राच्या अस्तित्वावरच बेतले तर काय, याचा ठाम निर्णय त्यालाही देता आला नाही. आपल्या देशाने प्रथम वापर न करण्याचे धोरण २००३ साली जाहीर केले. त्याच धोरणात, हल्ला झाल्यास प्रचंड प्रत्याघाताचीही ग्वाही आहे. तो प्रत्याघात कोणत्या शहरावर आणि तिथल्या कोणत्या शाळेवर होईल, हे आपण विचारत नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या निहोन हिदानक्यो या संघटनेला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्यांनी आयुष्यभर केले ते इतकेच, की आपण आकडा नव्हतो हे ते जगाला सांगत राहिले.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी सौभाग्यवतींनी रिवाजाप्रमाणे तेलाच्या वाटीत बोट बुडवून एक थेंब जमिनीवर ठेवला.

“हा कोणासाठी, आजी?” पाटावर कुडकुडत बसलेल्या नातवाने विचारले.

“अश्वत्थाम्यासाठी. त्याच्या कपाळावरची जखम अजून भरली नाही म्हणतात.”

गोष्ट मी पुरी केली. बापाला कपटाने मारले म्हणून अश्वत्थामा पेटला होता. कारण त्याच्यापाशीही होते आणि ते खोटे नव्हते. अर्जुनाने आपले अस्त्र आवरले, याला ते आवरता येईना; मग त्याने ते उत्तरेच्या गर्भावर सोडले.

नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आजोबा, चिठ्ठीत अनुकूल आलंय, म्हणजे बोलावं तर लागेलच. पण तो डबा मी सांगणार आहे. मग परीक्षकांनी गुण कापले तरी चालतील.”

“सांग,” मी म्हणालो आणि वाटीतले तेल त्याच्या डोक्यावर घातले.