किलिमांजारोची कॉफी आणि शेजाऱ्याचे पाणी

टांझानियात किलिमांजारोच्या उतारावरची ‘कॉफी टूर’ आता आपल्याकडच्या प्रवाशांनाही तोंडपाठ आहे. केळीच्या सावलीतली अरेबिकाची झुडपे, लाल फळांची तोडणी, उखळातले कांडण, चुलीवरची भाजणी, सोबत चागा लोकांची गाणी आणि शेवटी हातात वाफाळता कप. मराठी गटांचा संयोजक म्हणून मारंगू गावातल्या एका घरी मी अनेकदा गेलो, तेव्हा चुलीमागची बाजूही पाहायला मिळाली.

आज तोडलेले फळ आज कपात येत नाही. साल काढलेल्या बिया आठवडा-दोन आठवडे उन्हात वाळवाव्या लागतात. म्हणून घरची बीबी, म्हणजे आजी, आमच्या ओल्या बिया उचलून नेते आणि सुपात आधीच वाळलेल्या बिया ओतते. एकदा एका काकांनी हे नेमके टिपले आणि ते चिडले. बीबीने त्यांना वाळवणापाशी नेले. काका पीत होते ती कॉफी आधीच्या पाहुण्यांनी तोडलेली होती. त्यांनी तोडलेली पुढचे पाहुणे पिणार होते. काका परत येऊन आणखी टोपलीभर फळे तोडू लागले.

गट बसमध्ये चढला की बीबी मला आत बोलावते आणि कप पुढे करते. त्यात दुधाचा चहा असतो! कॉफी विकायची, चहा प्यायचा, ही त्या घरची रीत. दूध गोठ्यातल्या गाईचे. तिच्यासाठी चारा डोक्यावरून वाहून आणतात, तिचे शेण केळीला जाते. ‘कॉफी पुरुषांची, केळी बायकांची,’ ही तिथली जुनी वाटणी. घर रोज चालते ते केळीवर. केळीच्या बिअरमध्येसुद्धा, म्हणजे म्बेगेमध्ये, आपली नाचणी पडते हे मला तिथेच कळले.

मला आजही लागून राहिलेला प्रसंग मात्र पाण्याचा आहे. घरच्या मुलाने निरोप पाठवला होता, ‘सा म्बिली’ला या. म्बिली म्हणजे दोन, एवढे स्वाहिली मला येत होते. मी गट दुपारी दोनला नेला. पण स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, ‘सा म्बिली’ म्हणजे सकाळचे आठ. घर सहा तास ताटकळले होते. चागांच्या शेतांना डोंगरातून आणलेल्या पाटांचे पाणी मिळते आणि त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. आमच्यासाठी सकाळ मोकळी ठेवायची म्हणून बीबीने आपली पाळी शेजाऱ्याला देऊन त्याची दुपारची घेतली होती. दुपारी सगळे आमच्यासोबत कॉफी कांडत बसले, दार धरायला कोणीच गेले नाही आणि पाणी खाली वाहून गेले. आमच्यासमोर मात्र गाणे एकदाही थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी हे कळल्यावर मी आमच्या ड्रायव्हरला विचारले, आता काय करू? त्याने बांधावरच्या इसालेचे एक लांब पान तोडून हातात दिले. ड्रेसिनाच्या जातीचे हे झाड चागांच्या कुंपणावर हद्द म्हणून असते. त्याचे पान घेऊन माफी मागायला आलेल्याला परत पाठवत नाहीत.

मी पान बीबीपुढे धरले. तिने ते घेतले नाही. माझा हात धरून कुंपणापलीकडच्या घराकडे वळवला.

“पाळी त्याची होती. त्याला दे.”