अणुस्फोटांच्या चाचण्यांवरील लष्करी वैद्य आणि त्यांचे कागद

ऐतिहासिक कागद म्हटला म्हणजे मोडी लिपींतील पत्र, महजर, ताळेबंद किंवा निवाडपत्र एवढेंच आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. ही संवय स्वाभाविक असली तरी तिच्यामुळें अलीकडच्या काळचे कित्येक मोलाचे कागद आपल्या देखत तराजूंत पडत आहेत. आम्ही राहतों त्या कासारवाडीच्या शेजारींच दापोडीस लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तें १९४८ सालीं रुडकीहून येथें आलें, व अण्वस्त्रांपासून संरक्षण कसें करावें ह्याचें शिक्षणहि तेथें दिलें जातें. पुण्याचें सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयहि त्याच सालचें. अशा परिसरांत निवृत्त लष्करी वैद्य व अधिकारी ह्यांचीं बिऱ्हाडें पुष्कळ. आणि घरांतील वडील माणूस गेलें म्हणजे त्याच्या ट्रंकेंतील चोपड्या रद्दीच्या दुकानीं येतात. त्यांतून कांहीं निवडावयाचें तर काय निवडावें, व निवडलेल्या कागदाची परीक्षा कशी करावी, ह्याचा विचार करितां आम्हांस एक उदाहरण फार बोधप्रद वाटलें. तें म्हणजे हवेंत व पाण्यांत केलेल्या अणुस्फोटांच्या चाचण्यांस हजर असलेल्या लष्करी वैद्यांचें.

ह्या चाचण्यांचा काळ ता. १६ जुलै १९४५ पासून धरावा. अमेरिका, रशिया व ब्रिटन ह्यांनीं त्या १९६३ च्या करारानें थांबविल्या. फ्रान्सनें १९७४ पर्यंत व चीननें १९८० पर्यंत चालू ठेविल्या. हिंदुस्थाननें १९७४ व १९९८ सालीं पोखरण येथें जे स्फोट केले ते भूमिगत होते. सबब ह्या विषयाचें मूळ दप्तर परदेशचें आहे. आपल्याकडील धागे आडवळणाचे आहेत, त्यांचा उल्लेख पुढें येईल.

सेनेबरोबर वैद्य असावा हें आपल्याकडे नवें नाहीं. कौटिल्यानें सांग्रामिक प्रकरणांत शस्त्रें, यंत्रें व औषधें घेतलेल्या चिकित्सकांची जागा सैन्याच्या पाठीशीं सांगितली आहे. पण प्रस्तुत विषयास अधिक जवळचा आहे तो सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील युक्तसेनीय अध्याय. शत्रु वाट, पाणी, सावली, अन्न, वैरण व सरपण हीं विषानें दूषित करितो. तें दूषण ओळखावें व त्याचें शोधन करावें, हें तेथें वैद्याचें काम मानलें आहे. जखम बांधणें निराळें आणि न दिसणारें विष जमिनींत व पाण्यांत हुडकणें निराळें. बिकिनीच्या प्रवाळद्वीपावर १९४६ सालीं अमेरिकन आरमारी वैद्यांवर येऊन पडलें तें हें दुसरें काम होय. फरक इतकाच कीं, येथें पाणी दूषित करणारा शत्रु नव्हता, स्वपक्षच होता.

बिकिनीस त्या वर्षीं दोन स्फोट झाले. ता. १ जुलै रोजीं विमानांतून टाकलेला, व ता. २५ जुलै रोजीं सुमारें ९० फूट पाण्याखालीं केलेला. खाडींत ९० हून अधिक रिकामीं जहाजें लक्ष्य म्हणून नांगरून ठेविलीं होतीं. एकंदर मोहिमेवर सुमारें ४२,००० माणसें होतीं. किरणोत्सर्गापासून त्यांचें रक्षण करण्याचें खातें कर्नल स्टॅफोर्ड वॉरेन ह्या वैद्याकडे होतें. पहिल्या स्फोटानें फारसें दूषण मागें ठेविलें नाहीं. दुसऱ्यानें मात्र खाडीचें पाणी उसळून जहाजांवर कोसळलें आणि त्याबरोबर विषहि. खलाशांना झाडू, साबण व क्षार देऊन डेक घासावयास लाविलें. घासून घासून रंग गेला तरी यंत्राचा कांटा खालीं येईना.

वॉरेनची अडचण अशी होती कीं, त्याच्या माणसांच्या हातांतील गायगर यंत्रें एका जातीचे किरण दाखवीत, पण प्लुटोनियमचे अल्फा किरण त्यांस दिसत नसत. वरिष्ठांना तर जहाजें लवकर वापरांत आणावयाचीं होतीं. तेव्हां त्यानें खाडींतील एक मासा चिरून, सुकवून, छायाचित्राच्या कांचेवर ठेविला. कांचेवर त्या माशाचें चित्र त्याच्याच अंगांतील किरणांनीं उमटलें. हें चित्र ॲडमिरल ब्लँडीपुढें ठेवतांच वाद संपला, व ता. १० ऑगस्ट रोजीं जहाजें घासण्याचें काम बंद झालें. अधिकाऱ्यांस जें अहवालांनीं पटलें नाहीं तें एका माशानें पटविलें. आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणांतील पहिल्या प्रतीचा दस्तऐवज हाच.

ह्याच मोहिमेवर डेव्हिड ब्रॅडली नांवाचा तरुण वैद्य किरणमापनाच्या कामीं होता. त्यानें रोज जें पाहिलें तें टिपून ठेविलें व १९४८ सालीं 'नो प्लेस टु हाइड' ह्या नांवानें प्रसिद्ध केलें. सरकारी अहवालाचा वाचक आंकडे घेऊन उठतो. ब्रॅडलीच्या वाचकास मापनाचें काम मुळांत किती अनिश्चित होतें तें कळतें. आपल्याकडे अखबार आणि खासगी पत्र ह्यांत जो भेद आपण करितों तोच येथें करावा. दोन्ही खरीं असूं शकतात. पण प्रश्न निरनिराळे विचारावे लागतात.

आतां मुख्य साधनाकडे येऊं. ह्या वैद्यांच्या दप्तरांत सर्वांत अधिक भरणा बिल्ल्यांच्या नोंदवहीचा असतो. बिल्ला म्हणजे छायाचित्राच्या फिल्मचा लहानसा तुकडा, प्रकाश लागूं नये असा बंद करून छातीवर लाविलेला. किरण लागले कीं फिल्म काळवंडते; ती धुऊन काळेपणा मोजावयाचा, व त्यावरून त्या माणसास किती राँटजेन किरण लागले तें वहींत मांडावयाचें. रीत सोपी आहे, आणि तिच्या मर्यादाहि उघड आहेत. बिल्ला बाहेरून आलेले भेदक किरण मोजतो. श्वासावाटे गेलेली धूळ, पाण्यांतून पोटांत गेलेला कण ह्यांची त्यास दाद नसते. शिवाय बिल्ला होता कोणाजवळ? बिकिनीस शेंकडा १५ च्या सुमारास लोकांनाच तो मिळाला होता. बाकीच्यांचे आंकडे पुढें अंदाजानें बसविले गेले. ह्यावरून वहींत 'शून्य' असा आंकडा आढळला तर त्याचे निदान तीन अर्थ संभवतात: किरण लागले नाहींत, लागले पण बिल्ल्यास कळले नाहींत, किंवा बिल्लाच नव्हता व कारकुनानें रकाना भरला. वसुलाच्या कागदांतील कोरा रकाना वाचतांना आपण जी सावधगिरी बाळगतों तीच येथें हवी. बिल्ल्याच्या वहीजवळ रक्ताच्या तपासणीची वही असेल तर तिचें मोल फार, कारण जबर मात्रा लागली असतां पांढऱ्या पेशी कांहीं दिवसांनीं घटत जातात, आणि ती घट बिल्ल्यावर अवलंबून नसते. मात्र मात्रा थोडी असल्यास रक्त कांहींच बोलत नाहीं, व पुढें वीस वर्षांनीं उद्भवणाऱ्या रोगाविषयीं तर मुळींच नाहीं.

ता. १ मार्च १९५४ रोजीं बिकिनीस झालेला ब्राव्हो नांवाचा स्फोट अपेक्षेपेक्षां फार मोठा निघाला. त्याची राख मार्शल बेटांवरील २३९ रहिवाशांवर, राँगेरिक बेटावरील २८ अमेरिकन सैनिकांवर व एका जपानी मासेमारी नौकेच्या २३ खलाशांवर पडली. त्या नौकेवरील कुबोयामा हा २३ सप्टेंबर रोजीं मरण पावला. बेटवाल्यांस हलविल्यावर आठवड्याच्या आंत आरमारी वैद्य यूजीन क्रॉन्काइट ह्याच्या हाताखालील पथक त्यांच्याकडे पोंचलें. ह्या पथकानें केलेल्या नोंदी आज किरणवैद्यकाचा आधारग्रंथ मानिल्या जातात. पण त्या वाचतांना उपचार कोठें संपतो व अभ्यास कोठें सुरू होतो ही रेषा सांपडत नाहीं, आणि रुग्णांस ती कोणीं समजावून दिली होती असें दिसत नाहीं. वैद्य निष्णात होते ह्यांत संशय नाहीं; तरी रुग्णाचें नांव व संमति हीं ज्या दप्तरांत दुय्यम ठरतात तें दप्तर आम्हांस अपुरें वाटतें.

कागद नसला तर काय होतें ह्याचें उदाहरण नेवाडाचें आहे. ता. ३१ ऑगस्ट १९५७ रोजीं तेथें 'स्मोकी' नांवाचा स्फोट झाला. वीस वर्षांनीं त्यांतील एका सैनिकास रक्ताचा कर्करोग झाल्याचें उघडकीस आलें व चौकशी सुरू झाली. हजर असलेल्यांची एकत्र यादी तयार नव्हती. ती जुळवावी लागली. ३,२२४ जणांच्या जुळविलेल्या यादींत, १९८० पर्यंतच्या तपासांत, ह्या रोगाचे ९ रुग्ण निघाले. सामान्य प्रमाणानें साडेतीन निघावयास हवे होते. संख्या लहान असल्यानें तिच्या अर्थाविषयीं वाद झाले. पण यादी जुळली नसती तर वादहि झाला नसता.

आणि यादी जुळविणें इतकें कठीण कां गेलें? ता. १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुइस येथील अमेरिकन लष्करी दप्तरखान्यास आग लागली व १ कोटी ६० लक्ष ते १ कोटी ८० लक्ष सैनिकांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९६० ह्या काळांत सुटलेल्या भूसैनिकांच्या फायलींपैकीं शेंकडा ८० गेल्या. त्यांच्या नकला नव्हत्या, सूक्ष्मचित्रेंहि नव्हतीं. (पुणेकरांस १२ जुलै ही तारीख निराळ्या कारणानें पाठ आहे, १९६१ सालीं त्याच तारखेस पानशेतचें धरण फुटलें, आणि नदीकांठच्या घरांतून किती दप्तरें वाहून गेलीं ह्याची गणना कोण करणार?) पुढें १९९० च्या कायद्यानें चाचणीस हजर असलेल्यांस नुकसानभरपाई देऊं केली, पण आपण तेथें होतों हें शाबीत करण्याचा बोजा म्हाताऱ्या सैनिकांवर व त्यांच्या विधवांवर पडला. त्यांतून त्यांस गुप्ततेच्या शपथेनें बांधलेलें होतें, तें बंधन कायद्यानें उठलें १९९६ सालीं. तोंवर कित्येक जण आपल्या वैद्यासहि कांहीं न सांगतां गेले. अशा वेळीं घरांतील एखादें पत्र, तारीख असलेलें छायाचित्र, किंवा वैद्याच्या आजारी-नोंदींतील एक ओळ हीच सनद ठरते.

ब्रिटनची हकीकत थोडक्यांत सांगतों. ऑस्ट्रेलियांत व ख्रिसमस बेटावर १९५२ ते १९५८ ह्या काळांत झालेल्या चाचण्यांवर सुमारें २२,००० ब्रिटिश माणसें होतीं. ऑस्ट्रेलियानें १९८४-८५ सालीं न्यायमूर्ति मॅक्लेलंड ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी करविली. चाचणीच्या वेळीं घेतलेल्या रक्त-लघवीच्या तपासण्यांच्या नोंदी मिळाव्यात म्हणून तेथील वृद्ध सैनिकांची खटपट अगदीं अलीकडेपर्यंत चालू राहिली. सरकारनें पदक मात्र २०२२ सालीं जाहीर केलें. पदक देणें सोपें, वही देणें अवघड.

आतां आपल्याकडील धागे. महायुद्ध संपल्यावर जपानच्या ताब्यासाठीं जी राष्ट्रकुलाची फौज गेली तींत हिंदी तुकड्या होत्या, व त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. ती १९४६ च्या वसंतांत कुरे बंदरीं उतरली. कुरेपासून हिरोशिमा सुमारें २० किलोमीटर. पलटण ज्या २६८ व्या ब्रिगेडमध्यें होती तिचे प्रमुख ब्रिगेडियर थिमय्या असून तिचें ठाणें पुढें मात्सुए येथें पडलें; १९४७ सालीं सर्व हिंदी फौज परत आली. हिरोशिमा ही चाचणी नव्हे, हें खरें. परंतु ज्या उन्हाळ्यांत बिकिनीस वॉरेन खाडी मोजीत होता त्याच उन्हाळ्यांत सातारा-कोल्हापूरकडील जवान त्या जळक्या शहराजवळून जात-येत होते. फौजेबरोबर अर्थातच वैद्यकीय तुकड्या होत्या. त्या काळचीं पत्रें, पगारपुस्तकें, छायाचित्रें घाटावरच्या खेड्यांत असणें अगदीं संभवनीय आहे.

दुसरा धागा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांचा. मुंबईचे हे विकृतिशास्त्रज्ञ लष्करी नव्हेत. ब्राव्होच्या स्फोटानंतर एप्रिल १९५४ मध्यें पंडित नेहरूंनीं लोकसभेंत चाचण्या थांबविण्याची सूचना मांडली. पुढें १९५६ सालीं दौलतसिंह कोठारी ह्यांनीं भाभा व खानोलकर ह्यांच्या साहाय्यानें अणुस्फोट व त्यांचे परिणाम ह्यांवर इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, व भारत सरकारनें तो नेहरूंच्या प्रस्तावनेसह छापिला. दुसरी आवृत्ति १९५८ ची आहे. परकीयांच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदींवरून एका चाचणी न करणाऱ्या राष्ट्रानें काढलेलें हें अनुमान होय. जुन्या पुस्तकांच्या दुकानीं ही प्रत आढळल्यास सोडूं नये. समासांत एखाद्या लष्करी वैद्याचीं टिपणें असल्यास तर मुळींच नाहीं.

संग्राहकांस दोन-चार सूचना करून लेख पुरा करितों. लष्करी वैद्याची वही मिळाल्यास तींतील सुटे कागद, चिठ्ठ्या, पाकिटें ज्या पानाशीं असतील त्याच पानाशीं ठेवावींत; तारखेचा पुरावा पुष्कळदां तेवढाच असतो. पलटणीचें नांव, तुकडीचा आंकडा, डाकखान्याचा लष्करी क्रमांक हीं आधीं टिपून घ्यावींत. फिल्मचे तुकडे कागदांपासून निराळे, कोरड्या जागीं ठेवावे, कारण सडत्या फिल्मची आम्लता शेजारचा कागदहि खाते. रुग्णांचीं नांवें असलेलीं पानें छापूं नयेत. माणूस किंवा त्याचीं मुलें हयात असतां त्याचा रोग हा संशोधकाचा विषय होत नाहीं. मात्र छापूं नये म्हणजे फाडावें असें नव्हे. ज्यांच्या घरीं वडिलांच्या जपानांतील नोकरीचे कागद असतील त्यांनीं ते विकण्यापूर्वीं निदान पहिल्या व शेवटल्या पानाची आणि तारीख असलेल्या प्रत्येक पानाची नक्कल करून, कोठें नोकरी व कोणत्या सालीं एवढें वर लिहून, जवळच्या संशोधन-संस्थेकडे द्यावी.