घरातलं रहस्य : दहा वर्षांच्या वाचनाचा मागोवा

मुरलीधर खैरनार यांची ‘शोध’ २०१५ साली आली, तिथून या मागोव्याची सुरुवात धरते. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटली. त्या लुटीतला काही भाग नाशिककडच्या डोंगरांत राहून गेला असावा, या धाग्यावर ही कादंबरी उभी आहे. तिने पहिल्यांदा दाखवून दिलं की थरारासाठी लंडन-न्यूयॉर्क गाठायची गरज नाही. आपले किल्ले, घाट आणि कागदपत्रं पुरतात. मला पात्रांपेक्षा मुलूख जास्त लक्षात राहिला, तरी ज्यांनी वर्षानुवर्षं कादंबरी हातात धरलेली नाही त्यांना मी आजही हीच आधी देते. खैरनार त्याच वर्षाच्या डिसेंबरात गेले. दुसरी अशी कादंबरी त्यांच्याकडून मिळायची राहूनच गेली.

माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. दोन्ही घरांत रहस्यकथा म्हणजे बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन. अर्नाळकर आणि नाईक, दोघांच्याही नावावर हजाराहून अधिक पुस्तकं. ती कुणी विकत घेत नसे. भाड्याने आणायची आणि मुदत संपायच्या आत घरातल्या सगळ्यांनी वाचून काढायची. नाईक २०२१ मध्ये गेले, तेव्हा त्या सगळ्या वाचणाऱ्यांना आपलंच कुणी गेल्यासारखं वाटलं. शिरवळकर त्याच्या खूप आधी, २००३ मध्येच गेले होते. पण २०२० साली त्यांच्या ‘समांतर’ची वेबमालिका आली आणि कॉलेजातली मुलं मूळ कादंबरी मागू लागली. आपलं आयुष्य आधीच कुणीतरी जगून झालं आहे, ही कल्पनाच इतकी जबरदस्त आहे की मालिका पाहिलेल्यानेही पुस्तक वाचावं. वसंत वसंत लिमये यांच्या ‘लॉक ग्रिफिन’ आणि ‘विश्वस्त’ या जाडजूड कादंबऱ्याही त्याच मुलांसाठी. पट मोठा, वेग चांगला. माझं मन मात्र त्यांत फार रमलं नाही.

मन रमलं ते वेगळ्याच जातीच्या पुस्तकांत. खून कुणी केला, यापेक्षा या घरात कोण काय लपवतंय, हा प्रश्न मला जास्त धरून ठेवतो. हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाल’ वाचली आणि हे पक्कं झालं. वाडा, एकत्र कुटुंब, लहान मुलाची नजर आणि माणसांच्या मनात साचत गेलेली भीती. नारायण धारपांची भयकथा आणि घराण्याची कादंबरी गुप्त्यांनी एकाच वाड्यात नांदवली आहे. काही प्रसंग सहन होत नाहीत. पुस्तक मिटून थोडं थांबावं लागतं. पण त्यातला कुठलाच प्रसंग उगाच आलेला वाटला नाही. ज्यांना भुताखेतांचं वावडं आहे त्यांनीही ती वाचावी. भुतापेक्षा नातेवाईकच त्यात जास्त भिववतात.

सप्टेंबर २०१८ मध्ये कविता महाजन गेल्या. त्यांचा जन्म नांदेडचा, १९६७ सालचा. त्या गेल्यावर त्यांची ‘भिन्न’ पुन्हा वाचायला काढली. पहिल्या वाचनात ती एड्सवरची कादंबरी वाटली होती. या वेळी जाणवलं की ही संसारात दडवलेल्या एका गोष्टीची कादंबरी आहे. नवऱ्याकडून संसर्ग घरात येतो आणि बाईला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ती कळण्याची घडी कुठल्याही रहस्यकथेतल्या उलगड्याइतकीच अंगावर येते. फरक एवढाच, की गुन्हेगार इथे जेवायला रोज शेजारी बसतो. माझ्या नात्यातल्या लग्न ठरलेल्या मुलींना मी हे पुस्तक मुद्दाम देते आणि त्यावरून घरात बोलणीही खाते. तरीही देते.

मग नांदेडचीच, मनोज बोरगावकर यांची ‘नदिष्ट’. या यादीत ती कशी, असं कुणी विचारेल. रोज गोदावरीत पोहायला जाणारा एक माणूस आणि घाटावर भेटणारी माणसं : भिकारी, तृतीयपंथी, घर सुटलेली, घराने टाकलेली. प्रत्येकामागे एक घर आहे आणि ते का सुटलं, हे हळूहळू कळत जातं. मी ती उत्सुकतेने वाचली ती त्यासाठीच. ज्या घाटावरून आपण नाक दाबून जातो, तिथल्या माणसांना एवढ्या मायेने कुणी विचारलं नव्हतं.

या सगळ्यांत सर्वांत जास्त विचार मी दोन पुस्तकांचा केला, आणि दोन्ही शिंप्याच्या घरातली आहेत. रा. रं. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. त्यांची ‘पाचोळा’ १९७१ सालची. गंगाराम शिंप्याचा ताठा आणि त्यापायी होणारी घराची वाताहत त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. तिच्याजवळ कसलंही गुपित नाही, सगळं डोळ्यांदेखत घडतंय. तरी पुढे काय होणार या काळजीने छाती धडधडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोराडे सर गेले, तेव्हा मी ती पुन्हा वाचली आणि लगेच देविदास सौदागर यांची ‘उसवण’ घेतली.

सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले. २०२४ सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ‘उसवण’ला मिळाला. छोटीशीच कादंबरी. रेडीमेड कपडे आले आणि टेलरच्या मशीनवर काम येईनासं झालं. भाडं, किराणा, पोरांची फी यांचा हिशेब रात्री जुळेना. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि तिथल्या रेडीमेडच्या दुकानांतून आम्हीच पोरांना दिवाळीचे कपडे घेतले. आपल्या त्या खरेदीने कुणाची चूल मंदावली, हे मला या पुस्तकाने दाखवलं. ‘पाचोळा’त घर मोडतं त्यात माणसाच्या स्वभावाचा मोठा वाटा आहे. ‘उसवण’मधला माणूस गरीब स्वभावाचा, कामसू, तरी घर उसवतं. म्हणून ती मला जास्त भयाण वाटते. दोन्ही सलग वाचा, आधी ‘पाचोळा’, मग ‘उसवण’.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते भारत सासणे. माणसाच्या मनातला अंधार लिहिणारा हा लेखक आपल्या लातूर जिल्ह्यात त्या खुर्चीवर बसला, याचा मला मनापासून आनंद झाला. त्यांच्या दीर्घकथा सावकाश वाचायच्या असतात. संशय त्यांत धुक्यासारखा पसरतो आणि शेवटी पूर्ण निवळतही नाही. पोरांसाठी त्यांनी लिहिलेल्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४ सालचा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. दहा-बारा वर्षांच्या मुलाला द्यायला मला याहून चांगलं पुस्तक सापडलेलं नाही. त्याच्या जोडीला अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा द्यावा.

एक कादंबरी मात्र दहा वर्षं शोधूनही मिळाली नाही. लातूरला शिकवणीसाठी गावोगावची पोरं येतात, एका खोलीत तिघं-चौघं राहतात. बापाने शेत गहाण टाकलेलं असतं, आईला परीक्षेचे खरे मार्क माहीत नसतात, आणि रविवारी फोनवर सगळं ठीक असल्याचं सांगितलं जातं. यातलं घर, यातला ताण, यातलं लपवणं मी रोज पाहते. ते कुणी नांदेड-लातूरच्या बोलीतून लिहील, तर पहिल्या आवृत्तीच्या दहा प्रती मी घेईन आणि त्या पोरांच्या आयांना वाटेन.