भिंतीची बांधणी व परांचीची उभारणी

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची काढणी आटोपली, की गावोगाव घरबांधणीस प्रारंभ होतो. दिवाळीपासून मृगापर्यंतचा काळ या कामास सोयीचा असतो. पुष्कळ ठिकाणी घरमालक साहित्य आणून देतो, गावचाच गवंडी भिंत रचतो आणि घरची माणसे त्याच्या हाताखाली राबतात. अभियंत्याची देखरेख अशा कामावर नेहमीच असते असे नाही. म्हणून भिंत कशी रचावी व ती रचताना गवंड्याने कशावर उभे राहावे, या दोन गोष्टींचे ज्ञान घरमालकास असणे अगत्याचे आहे.

भिंत का कोसळते?

भिंतीचे बळ केवळ तिच्या जाडीत नसते. तिचे घटक एकमेकांत किती गुंतले आहेत, यावर ते अवलंबून असते. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील असंख्य माणसे दगडमातीच्या जाडजूड भिंतींखाली सापडली. या भिंतींना आत व बाहेर दगडांचे दोन थर असत आणि मधली पोकळी चिपा व माती यांनी भरलेली असे. दोन्ही थरांना जोडणारे लांब दगड बहुधा नसल्यामुळे धक्का बसताच थर सुटे झाले. भूकंप नसतानाही मुसळधार पावसात जुनी भिंत फुगून पडते, तिचे एक कारण हेच होय.

पाया

पैनगंगेच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत विशेष सावधगिरी हवी. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातल्यास उत्तम रचलेल्या भिंतीसही तडे जातात. म्हणून शक्य तेथे पाया घट्ट मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असल्यास तांत्रिक सल्ला घेतल्यावाचून काम सुरू करू नये.

विटांची भिंत

1. विटा वापरण्यापूर्वी पाण्यात पूर्ण भिजवाव्यात. बुडबुडे येणे थांबले, की वीट भिजली असे समजावे. कोरडी वीट सिमेंटमधील पाणी शोषून घेते व सांधा कच्चा राहतो.

2. प्रथम कोपरे उभारावेत, मग दोरी लावून मधला भाग भरावा. प्रत्येक थर पाणसळीने व उभी रेषा ओळंब्याने तपासावी.

3. नऊ इंची भिंतीत एक थर विटा लांबीने व त्यावरचा थर रुंदीने ठेवावा. उभा सांधा खालच्या उभ्या सांध्यावर येऊ देऊ नये. सांध्याची जाडी सुमारे 1 सेंटीमीटर असावी. विटेची खाच वरच्या बाजूस ठेवावी.

4. एका दिवसात सुमारे 1 मीटरहून अधिक उंची चढवू नये. काम अर्धवट सोडताना टोकास पायऱ्या सोडाव्यात, म्हणजे नवे काम जुन्याशी नीट गुंतते.

5. भिंतीवर किमान सात दिवस पाणी मारावे. उन्हाळ्यात ओली गोणपाटे लावावीत.

दगडांची भिंत

येथे आरपार जाणारा दगड हाच भिंतीचा प्राण होय. उंचीत दर 2 फुटांवर व लांबीत दर 4 फुटांवर असा एक दगड बसवावा. तेवढा लांब दगड न मिळाल्यास दोन दगड मध्ये एकमेकांवर चढवून घ्यावेत. कोपऱ्यात लांब दगड आलटून पालटून दोन्ही भिंतींत शिरतील असे रचावेत.

परांची

भिंत छातीच्या उंचीवर गेली, की परांची लागते. पिंप, विटांचे ढीग किंवा डुगडुगणारे बाकडे यांवर फळी टाकून काम उरकण्याची सवय घातक आहे.

विटांच्या कामास एकेरी परांची चालते. भिंतीपासून सुमारे 4 फुटांवर उभ्या बल्ल्यांची एक रांग रोवतात, तिला आडवे वासे बांधतात आणि आखूड दांड्यांचे एक टोक वाशावर व दुसरे भिंतीतील छिद्रात ठेवतात. मात्र ताज्या भिंतीत हे टोक टेकवून त्यावर भार देऊ नये. परांची काढताना छिद्रे सिमेंटने बुजवावीत. दगडी भिंतीत अशी छिद्रे ठेवणे अवघड असते, म्हणून तेथे बल्ल्यांच्या दोन रांगांची, स्वतःच्या पायावर उभी राहणारी दुहेरी परांची बांधावी.

उभ्या बल्ल्या 7 ते 8 फुटांच्या अंतरावर, 2 फूट खोल रोवाव्यात व बुडाशी सपाट दगड ठेवावा. नाहीतर ओल्या काळ्या मातीत त्या खचतात. तिरके वासे बांधल्याविना परांची डोलते. ओला बांबू वाळून आकसतो व बांधणी सैल पडते, म्हणून दररोज सकाळी प्रत्येक गाठ तपासावी. फळ्या दोन्ही टोकांस बांधाव्यात. बाहेरच्या बाजूस सुमारे 1 मीटर उंचीवर कठडा व फळ्यांच्या कडेला आडवी पट्टी असावी. फळीवर गरजेपुरत्याच विटा चढवाव्यात. विजेच्या तारांजवळ परांची उभारू नये आणि तिच्याखाली मुलांना खेळू देऊ नये.

कार्यकर्त्यांसाठी

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधील घरकुलांची पाहणी करताना कार्यकर्त्यांनी झालेले काम मोजण्याबरोबरच उभे सांधे, कोपरे व परांचीच्या गाठी पाहाव्यात. गावातील गवंडी व मजुरांना महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करण्यास प्रवृत्त करावे. परांचीच्या दोरीवर व फळ्यांवर होणारा खर्च अल्प असतो. तो वाचवण्याच्या नादात उंचावरून पडून कर्ता माणूस कायमचा अंथरुणाला खिळल्यास ते नुकसान कोणत्याही पिकाने भरून निघत नाही.