बहात्तर तासांची गोळी

कंडोम फाटला, रोजची गोळी चुकली किंवा जबरदस्ती झाली, तर आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी उपयोगी पडते. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते. ती बीजांडाचे बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. ती गर्भ पाडते, हा गैरसमज शिकल्यासवरल्यांतही सापडतो.

संबंधानंतर मुदत ७२ तासांची, पण म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. जितका उशीर, तितका भरवसा कमी. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा गोळी घ्यावी लागते. क्षयाचे रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधे चालू असतील, तर तिचा परिणाम घटतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारा. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी गोळीपेक्षा जास्त खात्रीची, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

गोळी त्या एका वेळेपुरतीच. पुढच्या संबंधांना तिचे संरक्षण नाही, लैंगिक आजारांपासून तर नाहीच. पाळी थोडी मागेपुढे होईल. आठवड्याहून जास्त लांबली तर गर्भचाचणी करा. गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, आशाताईंकडेही विचारता येते.